लाल दिवा लागला नव्हता

मित्रांनो, माझ्या जाळीला आता पोचा आला आहे आणि तोंडावरचा स्पंज कुरतडल्यासारखा झाला आहे, म्हणून तुम्ही मला पटकन ओळखणार नाही. मी एक जुना मायक्रोफोन आहे. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. खरे तर ती माझी थोडी आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसांची जास्त आहे.

माझा जन्म उत्तर जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका फार हलक्या हाताने काम करत. माझ्या पोटात केसाहून बारीक तार गुंडाळताना त्या श्वासही जपून घेत. तयार झाल्यावर एका बाईने माझ्यासमोर स्वतःचे नाव उच्चारले, आवाज मोजणाऱ्या काट्याकडे पाहिले आणि मान डोलावली. मला वाटले, आपण खरे सांगणारे यंत्र आहोत. जे ऐकू ते जसेच्या तसे पुढे देऊ.

फ्रँकफर्टला एक छोटे रेडिओ केंद्र होते. जुन्या कारखान्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. शहरातल्या कुणालाही आपल्या भाषेत तिथे कार्यक्रम करता येई. तुर्की लोक यायचे, पोर्तुगीज यायचे, एक म्हातारे गृहस्थ तर फक्त कबुतरांविषयी बोलायचे. मला तिथे टेबलावर बसवले. टेबलावर एक सरकती कळ होती, तिला फेडर म्हणत. ती वर केली की माझा आवाज शहरभर जाई आणि पाहुण्याच्या खुर्चीमागे भिंतीवर लाल दिवा लागे. ती खाली ओढली की दिवा विझे आणि मी मुका होई. मला ऐकू मात्र सगळे येई.

दर रविवारी दुपारी मराठी तास असे. त्याचे नाव ‘रविवारचा कट्टा’. तो चालवायचे शशिकांत खांबेटे. ते पुण्याचे, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. आवाज असा भरदार, की माझ्या पोटातली तार शहारून जाई. बोलायला लागण्याआधी ते बोटातल्या अंगठीने माझ्या जाळीवर हलकेच टिचकी मारत. सोबत थर्मासमध्ये आल्याचा चहा असे. पहिली काही वर्षे आम्ही फार चांगले काम केले. नवीन आलेल्या लोकांना ते सांगत, की घर मिळाले की आधी आनमेल्डुंग करा, नाव नोंदवल्याशिवाय इथे तुम्ही नाहीच. कुठल्या डब्यात कुठला कचरा टाकायचा, इमारतीची देखभाल करणारा हाउसमायस्टर रागावला तर काय म्हणायचे, हेही ते सांगत. मधे मधे भावगीते लावत. एक आजी फोन करून म्हणाल्या होत्या, “आठवडाभर घरात नातवंडं जर्मन बोलतात. तुमच्या कार्यक्रमात मला माझी भाषा ऐकू येते.” त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला.

मग दोन हजार चार साल आले. भारतात निवडणुका होत्या. शशिकांतराव एका पक्षाचे कट्टर होते. ते कचऱ्याच्या डब्यांविषयी बोलायचे थांबले आणि राजकारणाविषयी बोलू लागले. दुसऱ्या बाजूचा पाहुणा बोलावत आणि त्याचे वाक्य अर्धे झाले की फेडर खाली ओढत. पाहुणा ओठ हलवत राही, आणि शशिकांतराव हसून म्हणत, “बघा श्रोतेहो, यांच्याकडे उत्तर नाही.” लोकांना ते फार आवडले. कार्यक्रम इंटरनेटवरूनही जाऊ लागला, तसे दूरच्या गार्चिंग गावातले मराठी विद्यार्थीही फोन करू लागले. जितके भांडण मोठे तितके फोन जास्त. शशिकांतरावांना रस्त्यात लोक थांबवून हात मिळवत. त्यांच्या बोलण्यात तिखटपणा वाढला, तसा टिचकीतला जोरही वाढला. माझ्या जाळीला पहिला पोचा तेव्हाच आला.

पुढच्या वर्षी फ्रँकफर्टमध्येच एक निवडणूक लागली. परदेशी रहिवाशांचे एक मंडळ असते, ते नगरपालिकेला सल्ला देते. शशिकांतराव त्यात एका पॅनेलकडून उभे राहिले. दुसऱ्या पॅनेलमध्ये लीला ब्राउन होत्या. त्या मूळच्या सांगलीच्या. त्यांचे लग्न योखेन नावाच्या जर्मन माणसाशी झाले होते. त्या शपथबद्ध दुभाषी होत्या. ज्याला जर्मन येत नसे त्याच्यासोबत त्या सरकारी ऑफिसात, दवाखान्यात, कोर्टात जात आणि दोन्हीकडचे बोलणे सांगत. शनिवारी त्या मुलांना मराठी शिकवत. तो वर्ग त्यांच्या घरातच भरे.

त्याच सुमारास हरीश नावाच्या तरुण इंजिनिअरला इथे राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. तो आणि त्याची बायको परत जाणार, ही बातमी सगळीकडे झाली. कुणीतरी तक्रार केली असावी, असे तो गणपतीच्या कार्यक्रमात म्हणाला होता. त्या रविवारी शशिकांतरावांनी टिचकी मारली, फेडर वर केला आणि म्हणाले, “परवानगीच्या सरकारी ऑफिसात हरीशच्या शेजारी कोण बसलं होतं? मी नाव घेत नाही. आडनाव बदललेल्या माणसाची निष्ठा कुठे असते, ते तुम्हीच ओळखा. आणि अशांना मत द्यायचं का, तेही तुम्हीच ठरवा.”

मित्रांनो, मी ते वाक्य अडवू शकलो नाही. माझ्याकडे अडवायला काही नाहीच. ते माझ्यातून गेले, तारेतून गेले, आणि शहरभर पोचले.

पुढच्या रविवारी कार्यक्रमाच्या आधी हरीश स्वतः आला. पाहुण्याच्या खुर्चीत बसला. फेडर खाली होता.

“दादा, तुम्ही परवा जे बोललात ते तसं नाहीये,” तो म्हणाला. “माझी नोकरी उन्हाळ्याच्या आधीच गेली होती. मी परवानगीच्या ऑफिसला कळवलंच नाही. त्यांना ते कळलं, म्हणून नकार आला. लीलाताई फक्त माझं बोलणं जर्मनमध्ये सांगत होत्या.”

शशिकांतराव चहा ओतता ओतता थांबले. “मग तू गणपतीत तसं का म्हणालास?”

“बायकोला नोकरीचं अजून माहीत नाही. तिच्या घरी तर नाहीच नाही. तुम्ही रेडिओवर बोललात आणि सगळ्यांचा विश्वास बसला. मला बरं वाटलं, दादा. खोटं कशाला बोलू.” तो खाली पाहत म्हणाला. “आता काय करायचं?”

शशिकांतरावांनी चहा त्याच्यापुढे सरकवला. “सध्या काही बोलू नकोस. निवडणूक होऊन जाऊ दे. मग बघू.”

हरीश चहा प्यायला आणि गेला. दोन आठवड्यांनी ते नवरा-बायको पुण्याला परतले. खरे काय ते आता त्या खोलीत दोघांनाच माहीत होते, शशिकांतरावांना आणि मला.

लीलाताईंनी केंद्राकडे तक्रार केली. केंद्राच्या प्रमुख बिर्गिट बाई मोठ्या सज्जन होत्या, पण त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या ध्वनिफीत घेऊन स्टुडिओत बसल्या आणि शशिकांतरावांना जर्मनमध्ये विचारू लागल्या, “शशी, तू नक्की काय म्हणालास?”

“हे बघ, मी कुणाचंही नाव घेतलं नाही,” ते म्हणाले. “तूच ऐक. कुठे नाव आहे?”

बिर्गिटनी पुन्हा ऐकले. नाव नव्हतेच. “मला हे शपथबद्ध दुभाष्याकडून भाषांतर करून हवंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुभाष्यांची यादी काढली आणि लगेच मिटली. शहरात मराठीची शपथबद्ध दुभाषी एकच होती, आणि तक्रार तिचीच होती. शेवटी केंद्राच्या समितीने ठरवले की लीलाताईंनी कार्यक्रमात येऊन पाच मिनिटे आपले म्हणणे मांडावे.

लीलाताई आल्या. करड्या रंगाचा कोट त्यांनी काढलाच नाही. त्यांच्या आवाजाला कंप होता, पण शब्द स्पष्ट होते. “मी शपथ घेतलेली आहे. बंद दाराआड जे मी ऐकते ते माझं नसतं. ज्यांच्यासाठी मी बोलते त्यांचं असतं. म्हणून त्या कुटुंबाच्या बाबतीत काय झालं, ते मी सांगू शकत नाही. मी कुणाचीही तक्रार केलेली नाही, एवढंच सांगते.”

शशिकांतराव मऊ आवाजात म्हणाले, “म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पण सांगणार नाही.”

“सांगता येत नाही.”

“ऐकलंत ना, श्रोतेहो?”

लगेच फोन आला. हेडफोनमधून झिरपलेला आवाज मला ऐकू आला. कुसुम नावाच्या बाई होत्या. “लीलाताई, माझा मुलगा तुमच्या वर्गाला येतो. आता मी त्याला कसा पाठवू? तुम्ही सरळ सांगत का नाही?”

लीलाताई माझ्याकडे झुकल्या. “कुसुम, तुला तर माहीत आहे ना, की मी तुझ्या...” एवढे म्हणून त्या एकदम थांबल्या. कुसुमबाईंच्या बाबतीतलेही काहीतरी त्या जाणून होत्या, हे मला समजले. ते सांगितले असते तर त्या सुटल्या असत्या. त्यांनी ओठ मिटले, खुर्ची मागे सरकवली आणि त्या निघून गेल्या. मला खरे माहीत होते, मित्रांनो. माझ्यातून एक खरखरसुद्धा बाहेर पडली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी शशिकांतरावांच्या पत्नी शोभनाताई स्टुडिओत आल्या. त्या सहसा येत नसत. गाणे चालू होते. त्या पाहुण्याच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, मला बोलायचंय. रेडिओवर.”

“काय बोलायचंय?”

“लीलाताईंबद्दल. तुम्ही नाही म्हणालात तर मी बिर्गिटकडे जाईन.”

शशिकांतरावांनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, “बरं, बोल.” त्यांनी हात फेडरवर ठेवला. शोभनाताईंना वाटले की तो वर गेला. तो गेला नाही. लाल दिवा त्यांच्या पाठीमागे होता. तो लागला नव्हता.

शोभनाताईंनी मला दोन्ही हातांनी धरले. त्यांचे तळवे गार होते. “मी शोभना खांबेटे बोलतेय,” त्या म्हणाल्या. “मी या देशात नवीन होते तेव्हा माझं एक बाळ गेलं. दवाखान्यात मला काही समजत नव्हतं. लीलाताई माझ्याजवळ होत्या. डॉक्टर जे बोलले ते त्यांनी मला मराठीत सांगितलं, आणि माझं रडणंसुद्धा त्यांनी डॉक्टरांना समजावून सांगितलं. मी कुणाला कळू देऊ नका म्हणाले होते. माझ्या आईलाही मी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, माझ्या इराचा जन्म झाला, लीलाताई माझ्या घरी जेवून गेल्या. त्या एक शब्द कुणाला बोलल्या नाहीत. अशी बाई कुणाची चुगली करणार नाही. तुमच्यापैकीही पुष्कळजणींना हे माहीत आहे. तुम्ही गप्प बसू नका.”

मी प्रत्येक शब्द घेतला. माझी तार थरथरत होती. पण वाट बंद होती. शहरभर, घराघरांत, तेवढा वेळ गाणेच वाजत राहिले. शशिकांतराव समोर बसून मान हलवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते मी पाहिले. तरी त्यांचा हात हलला नाही.

“झालं माझं,” शोभनाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा हलका झाला होता. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा गाणे संपत आले होते.

दुसऱ्या रविवारी त्या पुन्हा आल्या, पण बसल्या नाहीत. “कुसुमला विचारलं, ऐकलंस का,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ती म्हणाली, काय? गाणं लागलं होतं की.”

शशिकांतराव म्हणाले, “आपल्या घरातलं दुःख चारचौघांत कशाला, शोभना? तुझ्याच भल्यासाठी...”

“मी लीलाताईंकडे जाऊन आले. ट्रामने गेले, दार वाजवलं आणि जे इथे बोलले तेच त्यांच्या स्वयंपाकघरात बोलले. यापुढे तुमचा कार्यक्रम आमच्या घरात लागणार नाही.”

निवडणुकीत शशिकांतराव निवडून आले. लीलाताईंच्या वर्गाला आधी पाच मुले येत होती, मग दोन, मग कुणी नाही. वर्ष संपायच्या आत त्या आणि योखेन हायडेलबर्गला राहायला गेले. पुढे शशिकांतरावांनी कार्यक्रमात दुसऱ्या एका समाजाविषयी फार वाईट शब्द वापरले, त्या वेळी मात्र त्यात नाव होते, आणि समितीने ‘कट्टा’ बंद केला. माझ्यासमोरच्या शेवटच्या भाषणात ते म्हणाले, “या देशात माझा आवाज दाबला जातोय.” पुष्कळ लोकांनी त्यांच्या बाजूने पत्रके वाटली. त्यांनी घरून इंटरनेटवर कार्यक्रम सुरू केला आणि त्याला पूर्वीपेक्षा जास्त श्रोते मिळाले. हरीशचा फोन कधीच आला नाही.

मला नंतर कपाटात टाकले. माझ्या वायरीला पीळ पडला, स्पंज झडू लागला. कधीमधी कपाटाचे दार उघडे राहिले की बाहेरचे बोलणे कानावर पडे. तसेच एकदा बिर्गिट बाई कुणाला तरी सांगत होत्या, की शोभनाताई महिन्यातून एकदा इराला घेऊन आगगाडीने हायडेलबर्गला जातात. इरा लीलाताईंच्या टेबलावर बसून बाराखडी गिरवते आणि कंटाळली की जर्मनमध्ये कुरकुरते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, सभेत माझ्यासारखे कुणी असेल. त्याला टिचक्या मारू नका, त्याची वायर गुंडाळताना पिळू नका, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. एखाद्याविषयी काही वाईट तुमच्या कानावर पडले, तर ते पुढे सांगण्याआधी त्या माणसाच्या दारापर्यंत जा आणि त्याला विचारा. मी सगळे ऐकले, आणि त्या टेबलावरून स्टुडिओच्या दारापर्यंतसुद्धा जाऊ शकलो नाही. तुम्हाला पाय आहेत.