रिकाम्या हाताची थरथर

मित्रांनो, ठाण्याच्या डॉक्टर श्रीपादांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं ते काळपट लाकूड म्हणजे मी. येणारेजाणारे मला खेळण्यातली होडी समजतात. मी होडी नाही, मी धोटा आहे. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन या हातातून त्या हातात पळतो, तो. आता माझ्या अंगाला चीर गेली आहे आणि पोटातली धाग्याची कांडी कधीच रिकामी झाली आहे. पण माझी हकीकत ऐकायला बसलाच आहात, तर ती अर्धी सोडून उठू नका.

मला शिसवीच्या लाकडातून कोरलं आणि मी गॅब्रिएल विणकराच्या हातात पडलो, तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. ठाण्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्या काळी रेशमाचे माग होते. मुंबईच्या गिरण्यांपुढे ते एकेक करून बंद पडत होते, तरी गॅब्रिएलचा माग चालू होता, कारण त्याच्या कापडाला नाव ठेवायला कुणाला जागा सापडत नसे. त्याची बायको व्हिक्टोरिया दाराशी बसून रहाटावर कांड्या भरी. भरलेली कांडी ती स्वतः माझ्या पोटात बसवी आणि मला त्याच्या हातात देई. दिवसातून कितीदा तरी मी तिच्या हातातून त्याच्या हातात जात असे. दोघं फारसं बोलत नसत, त्यांना त्याची गरजच पडत नसे. तेवढं सुख मी पुन्हा पाहिलं नाही.

गॅब्रिएलला एकच खोड होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्याला ताडी लागे. त्यांची दोन वर्षांची लेक तापाने गेली, तेव्हा तो ताडीच्या झोपडीत पडला होता. त्याला उठवून आणेपर्यंत व्हिक्टोरियाच्या मांडीवर पोर थंड झाली होती. तिसऱ्या दिवशी त्याने लेकीच्या कबरीवरच्या क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली, आणि व्हिक्टोरियाने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. तेव्हापासून तो ताडीला शिवला नाही. मला छाती नाही, तरी हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्यानंतर मी एक तर त्याच्या हातात असे, नाहीतर कमरेला खोवलेला.

नऊ वर्षं अशी गेली. मग एका दुपारी तो काम थांबवून बसला होता, मी त्याच्या उजव्या मुठीत होतो, आणि मला वाटलं की कुणीतरी मला आतून चाळवतंय. त्याचा अंगठा बोटांवर फिरत होता, वैद्य गोळी वळतो तसा. त्याने मला फेकलं आणि थरथर थांबली. मला धरून हात परत मांडीवर विसावला, तर ती पुन्हा सुरू. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मित्रांनो. हात कामावाचून रिकामा असला की थरथरायचा, कामाला लागला की शांत व्हायचा. मला तोंड असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग उजवा पाय फरफटू लागला. चालताना तो पुढे झुके, पावलं लहान पडत आणि एकदम भराभर होत, की आता हा तोंडावर आपटतो. वळायचं झालं तर जागच्या जागी पाय घोटाळत. आवाज बारीक आणि बोजड झाला. चुलीवरचा भात करपला तरी शेजारी बसलेल्या गॅब्रिएलला वास आला नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याचा चेहरा थिजला. व्हिक्टोरिया काही गमतीचं बोलली की आत तो हसत असे. ते हसू मला त्याच्या हातात कळे, पण तोंडावर रेघ हलत नसे.

आता सांगा, थरथरता हात, झोकांड्या, जड जीभ आणि निर्विकार तोंड. ज्याची जुनी ओळख ताडी अशी, त्याच्याबद्दल लोक दुसरं काय बोलणार? वस्तीत कुजबुज सुरू झाली. ते लोक चर्चला देऊळच म्हणत. देवळाच्या सणाला मिरवणुकीत लाल झगा घालून छत्राची दांडी धरायचा मान गॅब्रिएलचा होता. पाद्रीबाबांनी त्याला बाजूला घेऊन तो झगा काढून ठेवायला सांगितलं. तो नाही म्हणाला, मी प्यालो नाही म्हणाला, पण इतक्या बारीक आवाजात की बाबांना ते कबुलीसारखंच ऐकू आलं. घडी घातलेला झगा त्याने स्वतःच नेऊन दिला.

व्हिक्टोरियाने कित्येक महिने त्याची बाजू घेतली. तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला, मडकी हुंगली, मागाखालचा पाय सोडायचा खड्डासुद्धा धुंडाळला. काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणून संशय जातो थोडाच? तिला त्याच्या पिण्याचा राग नव्हता. लेकीच्या कबरीवरची शपथ मोडली आणि वर तो दगडासारखा तोंडाकडे बघत बसतो, हे तिला सोसवेना. एका सकाळी तिने सगळ्या कांड्या भरून ओळीने मांडून ठेवल्या आणि ती माजिवड्याला भावाकडे निघून गेली. त्या दिवशी तिने कांडी माझ्यात बसवली नाही. त्याने ती ताठलेल्या बोटांनी बसवायला घेतली, पण ती काही केल्या बसेना.

पुढच्याच वर्षी तिला ताप आला, आणि तिने त्याला बोलावणं पाठवलं. माजिवड्यापर्यंत तो कसा चालत गेला ते मी पाहिलं आहे. ते पुन्हा आठवायला लावू नका. तो तिच्या उशाशी बसला. मी त्याच्या मुठीत होतो, कारण काही धरलेलं असलं की लोक हाताकडे बघत नाहीत, अशी बिचाऱ्याची समजूत.

"खरा सांग मना," ती म्हणाली. "प्यालास ना तू? मी माफ केलाय. फक्त खरा सांग."

किती सोपं होतं! हो म्हटलं असतं तर ती शांत झाली असती. पण लेकीची शपथ होती.

"नाय प्यालो," तो म्हणाला.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला तिथे काहीतरी दिसायला हवं होतं, एखादी सुरकुती, ओठांची एखादी हालचाल. त्याच्या आत काय कोसळत होतं ते मला ठाऊक, कारण मुठीत माझा चेंदामेंदा होत होता. माझ्या अंगावरची ही चीर त्या दिवसाची आहे.

"एवढा बोललास," ती म्हणाली, "पन डोल्यात पानी नाय तुज्या."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते तिने परत इकडे केलं नाही. तिच्या मातीलाही तो तसाच कोरडा उभा राहिला, आणि बायका म्हणाल्या की बघा, आजसुद्धा पिऊन आलाय.

सहा महिन्यांनी देवीची लस टोचायला डॉक्टर श्रीपाद वस्तीत आले. मूळचे कल्याणचे, मुंबईत शिकलेले, तरुण आणि कमी बोलणारे. लस टोचून झाली तरी ते गॅब्रिएलच्या दारात उभेच राहिले, नुसते बघत. मग त्यांनी त्याला उठायला सांगितलं, विहिरीपर्यंत जाऊन वळून यायला सांगितलं. त्याचा हात कोपरात वाकवून पाहिला, तो ताठ होता. हात मांडीवर सोडायला लावला, तो थरथरू लागला. मग मला उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, फेका. त्याने मला सावकाश, पण सरळ फेकलं. हात शांत होता. पाच वर्षं मी हेच सांगायला तडफडत होतो, आणि शेवटी एका माणसाने मला विचारलं!

"तुम्ही दारू पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगले बोलतात, पितो."

"सगळ्यांचं राहू द्या. तुमचं सांगा."

"नाय."

"आधी कुठला हात बिघडला?"

"उजवा. मग उजवाच पाय. डावा आता आता."

"दारू माणसाला एकाच बाजूने चढत नाही," डॉक्टर म्हणाले. "पिणाऱ्याचा हात काही उचलायला गेला की कापतो. तुमचा काम सोडलं की कापतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपले वैद्य याला कंपवात म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या पार्किन्सन नावाच्या डॉक्टराने हा रोग लिहून ठेवला आणि पुढे त्याला त्याचंच नाव पडलं. विसाव्यातली थरथर, मंद होत गेलेली हालचाल, ताठलेलं अंग, पुढे झुकून पळणारी पावलं, आणि बुद्धी मात्र शाबूत. तो ओळखायला कुठलं यंत्र नाही. माणसाला नीट बघायचं आणि नीट विचारायचं, एवढंच. बरं करणारं औषध मात्र नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

गॅब्रिएलने औषधाबद्दल विचारलंच नाही.

"आनि तोंड?" तो म्हणाला. "मना रडाया येत नाय. त्यो पन रोगच?"

"हो. आतलं सगळं तसंच असतं. चेहरा तेवढा ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कबरस्तानात गेला. व्हिक्टोरियाला लेकीशेजारीच ठेवलं होतं. डॉक्टरांनी रोगाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्याला वाचता येत नव्हता आणि तिलाही आला नसता. त्याने तो कबरीवर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर मला ठेवलं आणि रिकामा हात मातीवर टेकला. हात थरथरत होता. त्याने तो या वेळी लपवला नाही.

"बघ," तो म्हणाला, "मी नवतो प्यालो."

दोन वर्षांनी तोही गेला. जाण्याआधी त्याने मला डॉक्टरांकडे पोचवलं. तेव्हापासून कुणी थरथरता माणूस आला की डॉक्टर मला त्याच्या हातात देतात आणि बघत राहतात. परवा कोपर गावची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, रागाने दूर बसलेली. डॉक्टर बोलले, आणि ती उठून नवऱ्याजवळ गेली. त्याचा थरथरता हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. मला व्हिक्टोरिया आठवली आणि माझी चीर पुन्हा दुखली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुणाच्या थरथरत्या हाताला नाव ठेवण्याआधी तो केव्हा थरथरतो ते बघा. कुणाचा चेहरा कोरडा दिसला तर आतही कोरडंच असेल असं धरून चालू नका. मी पाच वर्षं सगळं जाणून गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हतं. तुम्हांला आहे.