एक फेरी आधीची घंटा

शर्यती कायमच्या सुटल्यावर सायकलपटूचं काय होतं, हे कोणी आधी सांगत नाही. मांड्या राहतात आणि काम जातं. मी विनिता धुमाळ, राज्य स्पर्धेत चार वेळा दुसरी. चारही वेळा शेवंती म्हात्रेच्या मागे, आणि चारही वेळा अर्ध्या चाकाने. त्याला आता अठरा वर्षं झाली, पण मला तारखा पाठ आहेत.

त्यानंतर मी माजिवड्याच्या एका जिममध्ये लोकांना जागच्या जागी सायकल चालवायला शिकवलं. वीस माणसं घामाघूम व्हायची आणि जिथे होती तिथेच असायची. एका बँक मॅनेजरला मी म्हटलं, "सर, तुमच्यापेक्षा ही सायकल जास्त हलतेय." ती नोकरी त्याच दिवशी सुटली. मग बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींच्या शोरूममध्ये उभी राहिले. गिऱ्हाईक विचारायचं, पेडल मारावं लागतं का? मी सांगायचे, नाही, नुसती लाज सोडावी लागते. तिथूनही मला प्रेमाने निरोप मिळाला.

शेवटी शर्यतीचा पंच व्हायचं ठरवलं. लेखी परीक्षा पास झाले. प्रत्यक्ष परीक्षा कल्याणला गांधारीच्या बाजूला, एका बिल्डरने इमारतींच्या आधीच बांधून ठेवलेल्या गोल रस्त्यावर होती. मुलींची दहा फेऱ्यांची शर्यत, पहिली येईल ती थेट राज्याच्या शिबिराला जाणार. माझं काम फेऱ्या मोजायचं, किती उरल्या ते पाटीवर दाखवायचं आणि शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजवायचं. ते नीट झालं तर लायसन्स, नाहीतर पुन्हा बॅटरीची सायकल. बेचाळिसाव्या वर्षी मला खेळात राहायला एवढं एकच दार उघडं होतं.

माझी परीक्षा घेणारे मुख्य पंच म्हणजे चांगदेव सर. नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत. "आधी कागदावर रेघ, मग पाटी, मग घंटा," ते म्हणाले. "हा क्रम कधीही मोडायचा नाही, विनिताताई."

मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, आयुष्यात लाखभर फेऱ्या मारल्यात मी, आणि हे गृहस्थ मला दहापर्यंत मोजायला शिकवतायत.

समोरच्या फुटपाथवर शेवंती उभी होती. तिचं विठ्ठलवाडीला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या जिवावर ती पाच मुलींना शिकवते. ती खेळातून कधी गेलीच नाही, नुसती सीटवरून उतरली. त्यांतली सान्वी नावाची पोर आज सगळ्यांत तगडी होती.

"काय विने, मोजता येतं ना गं?" शेवंती तिथूनच ओरडली.

"तू दुसरी आलीस की सांगते," मी म्हणाले.

सात फेऱ्या मी अगदी शहाण्यासारखी वागले. रेघ, पाटी, रेघ, पाटी. आठवी फेरी संपत आली आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर सान्वी सीटवरून उठली. उठताना तिचं डावं कोपर बाहेर आलं.

ते कोपर शेवंतीचं होतं. शेवंती शेवटच्या फेरीआधी अशीच उठायची, असंच कोपर बाहेर काढायची, आणि पुढच्याच क्षणी घंटा वाजायची. चार वर्षं मी त्या कोपरामागे धावले होते. माझा हात मला न विचारता उठला आणि त्याने घंटा वाजवली. मग पाटीवर एक लावला. रेघ राहूनच गेली, ती नंतर मारली.

मुली जीव खाऊन सुटल्या. सान्वी आधीच सुटलेली होती, ती सहज जिंकली. आणि मग एकच गोंधळ उडाला. एक कोच म्हणे नऊच फेऱ्या झाल्या, दुसरा म्हणे दहा, तिसरा मोबाईलवर रील करत बसला होता म्हणून जास्त मोठ्याने ओरडत होता. मी कागद पाहिला. नऊ रेघा.

चांगदेव सर शांतपणे चालत येत होते. पेन माझ्या हातात होतं. एक रेघ मारली की विषय संपत होता.

तेवढ्यात शेवंती पुढे झाली. "दहा झाल्यात सर! मी स्वतः मोजल्यात. विनीचं बरोबर आहे." आणि माझ्याकडे बघून तिने डोळा मारला.

तो डोळा नसता तर मी कदाचित रेघ मारली असती. खोटं कशाला बोलू? पण शेवंती म्हात्रेने मला शर्यत दान करायची, तीही डोळा मारून! डोक्यात सणक गेली.

"नऊ झाल्यात," मी म्हणाले. "घंटा मी एक फेरी आधी वाजवली. चूक माझी आहे."

सरांनी कागद पाहिला, मला पाहिलं. "अर्ध्या तासाने तीन फेऱ्यांची शर्यत पुन्हा होईल," ते म्हणाले. "आपल्या अर्जावर मी यंदा सही करू शकत नाही. घंटा मात्र आपणच वाजवा, दुसरं कोणी नाहीये." आणि पिशवी सावरत निघून गेले.

"अगं येडी आहेस का तू?" शेवंती माझ्या अंगावर आली. "तुझं लायसन्स गेलं, माझ्या पोरीची शर्यत गेली. फुकट मिळत होतं ना!"

"तुझ्याकडून नको होतं."

दुसऱ्या वेळी शेवंती माझ्या खुर्चीशेजारीच येऊन उभी राहिली, राखण करायला. पहिली फेरी संपताना, त्याच वळणावर, सान्वी घाबरून पुन्हा लवकर उठली. कोपर बाहेर. माझा हात फुरफुरला, मी तो मांडीखाली दाबला.

"वाजवू नको गं बाई," शेवंती पुटपुटली.

मी रेघ मारली, पाटी फिरवली आणि थांबले. दुसरी फेरी संपली तेव्हा रेघ, पाटी, आणि मग घंटा. अंबरनाथची एक बारकी मुलगी सान्वीच्या मागे चिकटूनच होती. सान्वी दमली होती. शेवटच्या वीस मीटरला ती बारकी बाजूने निघाली आणि अर्ध्या चाकाने जिंकली.

सान्वी रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली की मी जाऊन त्या पोरीला पाणी दिलं. तिने घेतलं नाही, बरोबरच केलं.

शेवंती डिव्हायडरवर बसली होती. मी शेजारी बसले.

"अर्धं चाक," ती म्हणाली.

"हो."

"असं लागतं होय हे?"

"चार वेळा लागलंय. विचारायचंस कधीतरी."

तिने पदराने नाक पुसलं. तिकडे चांगदेव सर एकटेच पाट्या गोळा करत होते.

"ती अंबरनाथची कार्टी बरोबर त्याच वेळी कशी निघाली गं?" शेवंतीने विचारलं.

"कोपर. उठायच्या आधी तुझी पोर कोपर बाहेर काढते. मागच्याला आधीच कळतं. तूही काढायचीस."

"मी?" शेवंती खरंच चकित झाली. "आजवर कोणी बोललं नाही मला."

"कोण बोलणार? मागे मीच असायचे."

"कळत होतं तरी चार वेळा हरलीस ना?"

"तुझे पाय तेवढे होते. हिचे अजून नाहीत."

शेवंतीने आपलं डावं कोपर हातात धरून बघितलं. मग उठली, साडी झटकली. "रविवारी दुकानावर ये," ती म्हणाली. "पोरींच्या मागे सायकल चालवायची आणि काय काय दिसतं ते सांगायचं. मला मागचं काही माहीत नाही बाई, मी तिथे कधी नव्हतेच."

"माज बघ," मी म्हणाले. "किती वाजता येऊ?"