कुणी न वाचलेला रकाना

माझी नात पायल संगणकाची कामं करते. उल्हासनगरात कॅम्प पाचला एक छोटं ऑफिस आहे, तिथे दुकानदारांच्या वेबसाइट बनवतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या नदीकाठच्या मांजर्ली वस्तीतल्या सहा सोसायट्यांनी मिळून तिला एक काम सांगितलं. नदी चढायला लागली की प्रत्येक फ्लॅटला मोबाइलवर निरोप जाईल, अशी वेबसाइट हवी होती. तिने ती सुट्टीच्या दिवशी बसून केली. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता चाचणीचा पहिला निरोप जायचा होता.

त्या सकाळी ती माझ्या पलंगाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसली होती आणि खुशीत होती. ऑफिसातल्या अक्षयने तिला एक साधन दिलं होतं. ते प्रोग्राम चालवत नाही, नुसता वाचतं आणि जिथे खटकेल तिथे सूचना देतं. आदल्या दिवशी त्याने एकशे शहाऐंशी सूचना काढल्या होत्या. आता एक्केचाळीस उरल्या होत्या.

"न चालवता चुका कळतात, आजी. आहे की नाही भारी?"

मला हसू आलं. आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

चौऱ्याहत्तर साली मी अंबरनाथला रसायनांच्या एका कारखान्यात कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागले; तेव्हा संगणकाचा प्रोग्राम अशा भोकांतूनच लिहिला जायचा. संगणक कारखान्यात नव्हताच. कार्डांची पेटी गुरुवारी टेम्पोतून मुंबईला जायची, तिथल्या भाड्याच्या संगणकावर चालायची आणि निकाल सोमवारी यायचा. एक टिंब चुकलं तर आठवडा गेला. म्हणून आमचे मधूसाहेब बुधवारचा अख्खा दिवस आम्हाला कागदावर छापलेला प्रोग्राम वाचायला बसवायचे. कार्डं उडू नयेत म्हणून पंखा बंद. आम्ही चार बायका घाम पुसत एकेका ओळीखाली लाकडी पट्टी धरायचो. प्रत्येक रकान्याला, म्हणजे माहिती ठेवायच्या जागेला, दोन प्रश्न विचारायचे, तुला भरलं कुणी आणि तुला वाचणार कोण. दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत पट्टी खाली सरकवायची नाही. पुढे मला प्रोग्राम लिहायला दिले, ते मी पट्टी लवकर सरकवत नसे म्हणून. आजही डोळे मिटले की त्या लांबरुंद कागदाचा वास येतो.

पायल सूचना वाचत होती आणि मी ऐकत होते. बऱ्याचशा किरकोळ होत्या. मग एक आली. भाडेकरूचा फोन नंबर भरला जातो, पण कुठेच वाचला जात नाही, असं ते साधन म्हणत होतं.

"हा काढून टाकते," ती म्हणाली. "अक्षय म्हणतो, वापरात नसेल ते उडवायचं. चाळीस होतील."

"थांब. तो भरला कुणी?"

"मीच. फॉर्ममध्ये भाडेकरूंसाठी जागा ठेवली होती ना."

"मग निरोप कुठल्या नंबरवर जातो?"

तिने मला समजावून सांगितलं. तिने 'रहिवासी' नावाचा एक साचा केला होता, त्याला ते लोक क्लास म्हणतात. त्यातून 'मालक' आणि 'भाडेकरू' असे दोन साचे काढले होते. निरोप पाठवायचं काम मूळच्या साच्यात होतं आणि तिथे जो नंबर होता तो सोसायटीच्या रजिस्टरमधून आलेला. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. रजिस्टरमध्ये फक्त मालकांची नावं असतात. भाडेकरूसाठी निघालेला प्रत्येक निरोप मालकालाच जाणार होता. खरा निरोप न पाठवता तिने प्रोग्राम दहा वेळा चालवून पाहिला होता. प्रत्येक फ्लॅटपुढे हिरवी खूण आली होती, कारण प्रत्येकापुढे कुणाचा तरी नंबर होताच.

आमच्या खाली, तळमजल्यावर तीन नंबरमध्ये अंजनी भाड्याने राहते. तिची सासू जनाबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. फ्लॅटचे मालक पुण्याला असतात. मागच्या पुरात अंजनीला पाणी आल्याचं कळलं ते पलंगाखालच्या चपला तरंगायला लागल्यावर. शेजारच्या दोघांनी जनाबाईला चादरीत घालून वर आमच्याकडे आणलं होतं. तेव्हा तिचा देह किती थंड झाला होता, ते माझ्या हातांना अजून आठवतं.

पायलने सेक्रेटरी रामभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, असू दे तसंच. सोसायटीची सूचना सभासदाला जाते, भाडेकरू आज आहे उद्या नाही, आणि एकदा यादीत घेतलं की उद्या ते मीटिंगला येऊन बसतील. मी फोन मागून घेतला.

"रामभाऊ, तीन नंबरच्या मालकांना पुण्यात कळलं, तर ते काय करणार?"

"अंजनीला फोन करतील, विठाताई."

"मागच्या वेळी केला होता?"

मागच्या पुराच्या रात्री रामभाऊंनी पाठवलेला निरोप त्या मालकांनी सकाळी नऊला पाहिला होता, हे रामभाऊंनीच आम्हाला सांगितलं होतं.

"तुमचं मीटिंगचं पत्र मालकालाच पाठवा," मी म्हटलं. "हे पत्र नाही."

"बरं, करा," ते शेवटी म्हणाले. "पण मालकालाही जाऊ द्या. नाहीतर माझ्या डोक्यावर बसतील. तुम्ही पण ना ताई, रिटायर झालात तरी मशीन तपासणं सुटत नाही तुमचं."

पायलने तो रकाना काढला नाही. तिने निरोपाचं काम रहिवाशाकडून काढून घेतलं आणि 'फ्लॅट' नावाच्या नव्या साच्याला दिलं. आता फ्लॅट आधी विचारणार, इथे सध्या झोपतंय कोण, आणि त्यालाच प्रथम निरोप देणार, मग मालकाला. हे करायला तिला अडीच तास लागले. जेवण मी तिथेच ताटात वाढून दिलं. बदल केल्यावर ते साधन पुन्हा चालवलं, तर सूचना एक्केचाळिसाच्या सत्तेचाळीस झाल्या. तिचं तोंड उतरलं. मग ती एकेक वाचायला लागली, आणि या वेळी अक्षयला न विचारता.

चारला तिने बटण दाबलं. सहा सोसायट्यांतून उत्तरं यायला लागली. कुणी अंगठा पाठवला, कुणी, आमच्याकडे ऊन आहे, असं लिहिलं. पालेगावात राहणाऱ्या एका मालकाने विचारलं, माझ्या भाडेकरूला का कळवलंत? रामभाऊंनी त्याला परस्पर उत्तर दिलं. तीन नंबरकडून काहीच येईना. पायल पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघत होती.

तेवढ्यात जिन्यात काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. आम्ही दार उघडलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत जनाबाई बसली होती. मांडीवर औषधांची पिशवी होती. खुर्ची एका बाजूने अंजनीने आणि दुसऱ्या बाजूने समोरच्या फ्लॅटमधल्या सुयोगने धरली होती. अंजनीला धाप लागली होती.

"पाणी कुठवर आलंय?" तिने विचारलं.

पायलने चाचणी हा शब्द निरोपाच्या अगदी शेवटी लिहिला होता. अंजनीने पहिली ओळ वाचली आणि सासूला उचललं. पायल शरमली, माफी मागू लागली. सुयोग घड्याळ बघून म्हणाला, नऊ मिनिटं लागली, पावसाळ्यापर्यंत सात करू.

अंजनी खुर्ची परत वळवायला लागली, तर जनाबाईने चांगल्या हाताने कठडा घट्ट पकडला.

"आता वर आलेच आहे," ती म्हणाली, "तर विठाकडचा चहा घेऊनच जाईन."