बिनसायलेन्सरचा ट्रक

सायलेन्सर तुटला तो ना चढावर, ना खड्ड्यात. अगदी सपाट रस्त्यावर तुटला, आणि तेही ट्रक रिकामा असताना. खालून खडखडाट झाला, आरशात पाहिलं तर मागे ठिणग्या. उतरून वाकलो, तर गंजून चाळण झालेला तो डबा एका पट्टीवर लोंबकळत होता. तारेने बांधला, त्याला चार शिव्या घातल्या आणि तसाच फटफटत मेव्हण्याच्या गॅरेजपर्यंत आणला.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या वस्तीकडे वळण्याआधी हमरस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे. हातात कसब भरपूर, पण तोंडाला कुलूप नाही. तो ट्रकखाली शिरला आणि तिथूनच सुरू झाला. या मॉडेलचा सायलेन्सर आता बाजारात मिळत नाही म्हणे, पण माझं नशीब जोरावर आहे, कारण भंगारात निघालेल्या एका ट्रकचा त्याने मागच्याच महिन्यात काढून ठेवलाय. तासाभरात चढवतो म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "सरळ पाइप टाक."

तो ट्रकखालून सरपटत बाहेर आला आणि माझ्याकडे बघत बसला. त्याचंही बरोबर होतं. कुणी उगाच हॉर्न वाजवला तर खिडकीतून मुंडकं काढून भांडणारा माणूस मी. त्याच्या गॅरेजातला रेडिओ मी दोनदा माझ्या हाताने बंद केलाय. पोलीस अडवतील, शेजारीपाजारी बोंब मारतील, या वयात कान जातील, असं तो बरंच काही बोलला. गाडी माझी, कान माझे, तू काम कर, एवढं सांगून मी टायरवर जाऊन बसलो. खरं कारण सांगायची लाज वाटत होती.

सव्वीस वर्षं मी हाच ट्रक चालवतोय. त्यातली तेवीस वर्षं मी घरी आलो, की बायको दारात उभी असायची. आमच्या गल्लीच्या दोन वळणं अलीकडे पाण्याची टाकी आहे. तिथे मी गिअर बदलला, की स्वयंपाकघरात तिला कळायचं. त्या रस्त्याने दिवसाला शंभर ट्रक जायचे, पण ती उठायची ती माझ्याच ट्रकला. पाण्याचं पातेलं गॅसवर चढवायची आणि हात पुसत दारात यायची. मी उतरलो की म्हणायची, "आलात?" बस, एवढंच. आता समोर उभा आहे तो काय माझा भाऊ, असं मी चिडवायचो. आज त्या एका शब्दासाठी जीव तुटतो.

तीन वर्षांपूर्वी तिचे कान जायला लागले आणि हळूहळू पार गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण ते लावलं की वाटी खाली ठेवली तरी डोक्यात घण पडतो, म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं. ओठांकडे बघून तिचं भागतं. भागत नाही ते माझं. मी घरात शिरतो तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी असते. हाक मारून उपयोग नसतो. समोर गेलो की दचकते. दर वेळी दचकते. छातीवर हात ठेवते आणि क्षणभर माझ्याकडे अशी बघते, की जणू कुणी परका माणूस आत घुसलाय. मग ओळखते, हसते, पाणी देते. पण तो एक क्षण मला पुढच्या खेपेपर्यंत छळतो. स्वतःच्या घरात मी चोरासारखा वावरतो.

मेव्हणा कामाला लागला होता. जुन्या क्लॅम्पचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, पाना लावला की घसरायचा. शेवटी त्याने ग्राइंडर घेतला आणि डब्याच्या अलीकडे-पलीकडे पाइप कापून टाकला. डबा धाडकन खाली पडला, आतून मूठभर काजळी सांडली. मग त्याने तार वाकवून माप घेतलं आणि त्या मापाने नवा पाइप कापायला घेतला. ग्राइंडर थांबला, त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेलं. तिने एकदा दारात यावं, म्हणून हा सगळा खटाटोप. टाकीपाशी मी वळलो हे तिला एकदा तरी कळावं.

त्याचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि जोड वेल्ड केले. पट्टीने पाइप चासीला टांगला. इंजिन सुरू करून पाइपच्या तोंडाशी ओलं फडकं दाबलं आणि जोडांतून धूर फुटत नाही ना, ते वाकून पाहिलं. फडकं काढलं मात्र, गॅरेजचे पत्रे थरथरले. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"दाजी, हे तर बहिऱ्यालाही..." तो ओरडला आणि त्याने जीभ चावली.

मी निघालो तेव्हा तो खिशातून फोन काढत होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

रस्त्यात लोक माना वळवून बघत होते. लाजेने माझे कान तापले होते आणि आतून एवढा आनंद झाला होता, की मी बावळटासारखा हसत होतो. टाकीपाशी गिअर बदलला. मुद्दाम दोनदा अॅक्सिलरेटर दाबला. गल्लीत शिरलो तर एकेक दार उघडत होतं. समोरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून हातवारे करत होते.

आणि ती दारात होती. हातात टॉवेल, नजर वळणाकडे.

"आलात?"

स्टिअरिंग धरून तसाच बसलो. मग उतरून तिच्यासमोर गेलो आणि ऐकू आला का, असं विचारलं.

"न यायला काय झालं? टाकीपासून येतोय. केवढा तो आवाज, सगळी गल्ली गोळा केलीत."

आत पाणी तयार होतं. ती बादलीत पाणी ओतत होती, तेवढ्यात ओट्यावर तिचा फोन उजळला. मी सहज पाहिलं. मेव्हण्याचा मेसेज होता. "पोचले का दाजी? आवाज आला का विचारतील. हो म्हण." ते ती आपणहूनच म्हणून मोकळी झाली होती. त्याच्या वर आधीचा होता. "दाजी निघालेत. दारात उभी राहा. पाणी ठेव."

मी फोन होता तसा ठेवला. हातपाय धुताना राग आला, कुणावर ते कळेना. मग हिशोब केला. गॅरेजपासून घर वीस मिनिटं. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं, म्हणजे पस्तीस. मी नक्की कधी वळेन हे तिला कळायची सोय नव्हती. म्हणून मेसेज वाचून ती जी दारात आली, ती वळणाकडे डोळे लावून तशीच उभी राहिली. आधी ती आवाज आला की यायची. आज ती पस्तीस मिनिटं नुसती माझ्यासाठी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजात गेलो आणि तो भंगारातला सायलेन्सर बसवायला सांगितला.

मेव्हण्याचा चेहरा उतरला. "ताईला ऐकू नाही आलं?"

"आलं. गल्लीलाही आलं. मास्तर भांडायला आले होते."

कालचे वेल्ड केलेले जोड पुन्हा कापायचे होते, त्यामुळे काम संध्याकाळपर्यंत चाललं. किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं गुरगुरलं. दार ओढून घेताना मी म्हणालो, "मी निघालोय. तिला तो मेसेज पाठव."

तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. मान खाली घालून त्याने खिसा चाचपला.

या वेळी रस्त्यात कुणी वळून पाहिलं नाही. टाकीपाशी गिअर बदलला तो माझा मलाच जेमतेम ऐकू आला. गल्लीतली सगळी दारं बंद होती. मास्तर गॅलरीत पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

एकच दार उघडं होतं. ती चौकटीला टेकून उभी होती. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

"आलात? आज तर कालच्यापेक्षाही लांबून ऐकू आला," ती म्हणाली.

तिला माझे ओठ नीट दिसावेत म्हणून मी जवळ गेलो.

"हो ना," मी म्हणालो. "फारच आवाज करतो."