मालकांची ऊब

वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दव गोठलं त्या सकाळी अनसाक्काचे मालक असे तापले, की त्यांच्या एकट्याच्या अंगावर लॉजच्या सगळ्या खोल्या गरम झाल्या. आजार नव्हता. आक्कानं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, जीभ बघितली. मालक धडधाकट होते. तांब्याच्या बंबाशेजारी नेहमीच्या स्टुलावर बसले होते, आणि बंबात लाकूड नसताना पाणी उकळत होतं.

महाबळेश्वरच्या थंडीशी लॉजनं त्याआधी पुष्कळ झगडून पाहिलं होतं. कोळशाच्या शेगड्या झाल्या. त्यांच्या धुरानं गिऱ्हाइकं खोकायची. खोल्याखोल्यांतून विजेचे हीटर झाले. ते लावले की अख्ख्या गल्लीचे दिवे डोळे मिचकावायचे. शेवटी आक्काच्या मुलानं, विलासनं, पुण्याच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. तो नेमका त्याच सकाळी आला. रंगीत चित्रं पसरून त्यानं समजावलं, की छपरावर उन्हावर चालणारे बंब बसवता येतात, फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवता येतात, आणि हीट पंप म्हणून एक यंत्र असं आहे, की ते काहीच जाळत नाही. बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून आत आणून सोडतं.

"गार हवेत कुठली आलीय ऊब?" आक्का म्हणाली.

"असते, आजी. सगळ्यात असते. काढून घेता आली पाहिजे."

हे बोलताना त्याच्या हातातल्या मीटरचा काटा वळला आणि मालकांकडे तोंड करून उभा राहिला. माणसानं मीटर झटकला, काटा हलेना. हे खातात काय, असं त्यानं विचारलं. दोन भाकरी, कोरड्यास आणि कपभर चहा, असं सून रोहिणीनं सांगितलं. माणसानं मनाशी काहीतरी जुळवलं आणि चित्रं गोळा करून पिशवीत घातली. एवढ्याशा खुराकावर एवढी ऊब देणारं आमच्याकडे काही नाही, असं तो सरळ म्हणाला.

आक्काची मान ताठ झाली. परक्या माणसानं मालकांचं कौतुक केलेलं ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. तिनं स्वतः ते कधी केलं नव्हतं. लॉज उभं केलं तिनं, चालवलं तिनं, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं सामान रस्त्यावर ठेवलं तेही तिनंच. मालकांनी आपला बंब पेटवावा आणि त्याच्या शेजारी बसावं. "बसून काय राहता" हे ती त्यांना दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की म्हणताना हातातलं काम थांबत नसे आणि त्यांच्याकडे बघणंही होत नसे.

जाताना माणसानं एकच बजावलं. ऊब वाया घालवू नका. जेवढ्या फटी बुजवाल, तेवढं यांना कमी तापावं लागेल.

विलासनं स्टूल बंबापासून उचलून मधल्या जिन्याखाली नेलं, म्हणजे ऊब सगळीकडे सारखी जाईल. दारांना खालून रबराच्या पट्ट्या लागल्या. छताच्या वर थर्माकोल आलं. खिडक्यांना काचेवर दुसरी काच बसली. पहिली खिडकी पुरी झाली तेव्हा स्टुलावर बसलेल्या मालकांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. गरज कमी झाली होती, तसे मालक कमी झाले होते. यात कोणाला वावगं वाटलं नाही. रोहिणीनं पायांखाली पाट ठेवला.

लॉजची कीर्ती झाली. जानेवारीत गिऱ्हाइकं बनियनवर फिरायला लागली. शेजारचे हॉटेलवाले पाष्टे पेढे घेऊन आले आणि चार दिवसांपुरते मालकांना पाठवाल का, असं त्यांनी आडून आडून विचारलं. आक्कानं पेढे ठेवून घेतले.

"नवरा हाय माझा," ती म्हणाली. "मांडवातल्या खुर्च्या न्हाईत."

तिला स्वतःलाच हे बोलणं आवडलं. ते मालकांना सांगावं म्हणून ती जिन्याकडे निघाली. वाटेत कोपऱ्यातली खोली गार लागली, म्हणून तिनं तेवढंच सांगितलं, की कोपऱ्यात जरा लक्ष द्या.

"बरं," मालक म्हणाले. खोली गरम झाली. मग ते म्हणाले, "अगं, जरा बस की इथं."

"कामं पडल्यात," आक्का म्हणाली. ते खरंच होतं. चादरी पडल्या होत्या.

काचेवर तिसरी काच आली, तिच्यावर चौथी. बाहेरचा रस्ता आधी विहिरीच्या तळाशी असल्यासारखा दिसायचा, मग दिसेनासा झाला. बाजाराचा आवाज आत येईना, मक्याच्या कणसांचा वास येईना. रबराच्या पट्ट्या ऊब खाऊन फुगल्या आणि दारं चौकटींना चिकटली. खोल्या थंडीतल्या कोंबड्यांसारख्या एकमेकींना खेटत गेल्या. दोन खाटांमधून जाताना आक्काला लुगडं आवरून धरावं लागायचं. गिऱ्हाइकं यायची थांबली, कारण दार उघडलं की ऊब जाते म्हणून विलासनं दार उघडायचंच बंद केलं. त्याच्या मते लॉज इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं.

मालक आधी स्टुलावर लहान मुलाएवढे दिसायचे. मग रोहिणीनं त्यांना पेल्यात ठेवलं. पेला मोठा पडायला लागला, तेव्हा काडेपेटीत कापूस घालून त्यात ठेवलं आणि पेटी जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवून दिली. तेवढ्यावर घर उकडत होतं. एवढी बचत कुणाच्या नवऱ्यानं केली नसेल, असं आक्का चारचौघींत म्हणाली असती; पण चारचौघी आता आत येऊ शकत नव्हत्या.

तिला एकच गोष्ट सलत होती. सगळं अंग गरम असायचं, कान मात्र बर्फासारखे. पदर गुंडाळला, लोकरीची टोपी घातली, रोहिणीनं राईचं तेल चोळलं. कान गारच.

अशी कानांची थंडी तिला फार पूर्वी एकदा वाजली होती. ती लग्न होऊन आलेली, पहिलाच हिवाळा. पहाटे बंबाशी उभी राहून ती दात वाजवत होती. मालकांनी आपले दोन्ही तळवे बंबाच्या अंगाला लावले, चांगले शेकले आणि मागून येऊन तिच्या कानांवर ठेवले. तिनं ते झटकले. "शोभतं का? कुणी बघंल," असं ती म्हणाली. बघणारं कोणी नव्हतं. त्यानंतर मालक रोज बंबाशी बसायचे, तळवे रोज शेकायचे, आणि ती समोरून आली की हात मांडीवर ठेवायचे. हे तिला दिसत होतं. इतकी वर्षं दिसत होतं, आणि ती त्यालाच बसून राहणं म्हणत होती.

आता चादरी नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हतं, झाडायला अंगण नव्हतं. आक्काला वेळच वेळ होता. ती कोनाड्यासमोरच्या रिकाम्या स्टुलावर बसली.

"बसले बघा," ती म्हणाली.

तिनं काडेपेटी गार कानाशी धरली. आत कापूस होता आणि अगदी बारीक ऊब होती. बोलण्याएवढे मालक उरले नव्हते.

कंपनीचा माणूस पुन्हा आला. दार उघडत नव्हतं, पण तो आत होता. काम बघून तो खूश झाला. फक्त एक फट अजून राहिली आहे, मीटर तसं दाखवतोय, असं तो म्हणाला. त्यानं देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली आणि पेटवून भिंतींच्या कडेनं फिरवली. दारांशी धूर सरळ वर गेला, काचांशी सरळ वर गेला. जिन्याखाली तो वाकला, दोन बोटांएवढे दोन धागे झाला आणि आक्काच्या दोन्ही कानांत शिरला.

"इथून जातेय," माणूस म्हणाला.

विलासनं सुस्कारा सोडला. गळका नळ सापडावा तसा त्याचा चेहरा झाला.

"एवढं बुजवलं की झालं, आई. मग बाबांना काहीच करायला नको."

"काहीच म्हंजे?"

"म्हणजे काहीच नको. त्यांची गरजच नाही."

रोहिणी काडेपेटीकडे बघत होती. विलासनं रबराची पट्टी घेतली आणि कात्रीनं दोन छोटे तुकडे कापले. तो काही दुष्ट नव्हता. तुकडे नीट गोल व्हावेत म्हणून त्यानं ते चुलीवर धरून मऊ केले.

आक्का उठली. ती खिडक्यांकडे गेली, पण खिडक्यांच्या काचा साचून आता भिंत झाली होती आणि तिला कडीच नव्हती. दाराला तिनं खांदा लावला. बाजारातल्या हमालांना बोलण्यात लोळवणारी बाई, दारानं तिचं काही ऐकलं नाही. मग ती परत स्टुलावर येऊन बसली. टोपी काढली, पदर खाली घेतला, अंबाड्यातले सुटलेले पांढरे केस मागं सारले आणि दोन्ही कान उघडे टाकले.

ऊब जायला लागली. आक्काला ती कानांतून जाताना कळत होती. रोहिणीनं शाल अंगावर ओढली. छताचं थर्माकोल कुरकुरलं. कंपनीच्या माणसाच्या तोंडातून वाफ निघाली आणि तो घाईनं मीटर पुसू लागला. फरशी गार झाली, पेला गार झाला, बंबाच्या तांब्यावर दव धरलं. कोनाड्यात काडेपेटी थरथरली आणि तिच्या एका कोपऱ्याचा कागद फाटला.

"आई, असं करू नको," विलास मागून म्हणाला.

"तापा," आक्का काडेपेटीला म्हणाली. "लागतंय मला."

पेटी फुटली. कापूस खाली पडला. धुरामुळं आत काय आहे, ते तिला दिसेना. मागं विलासची पावलं वाजली. की ती दुसरीच होती, जड, ओळखीची, बंबाकडून येणारी.

मग मागून दोन तळवे आले आणि तिच्या दोन्ही कानांवर घट्ट बसले. चांगले शेकलेले होते. सगळे आवाज थांबले, उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, आणि आक्कानं ते हात झटकले नाहीत.