माळकरी घरातली पांढरी भुकटी

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. सणसरच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात, फळीवर असतो. तांबटाने मला ठोकून घडवले, तेव्हा प्रत्येक ठोक्याला वाटायचे, आता फुटलो! तेव्हापासून भीती माझ्या अंगात मुरलेली आहे.

मुक्ताबाई या घरात सून म्हणून आल्या, त्यांच्याबरोबर मीही आलो. माझ्यात भाजलेले तीळ असत. सप्त्याच्या कीर्तनाला आलेले बुवा तीळगूळ तोंडात टाकून “गोड केलंत, माउली!” म्हणत, आणि मी उगाच चमकत असे. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या. मी माळ्यावर गेलो. मुक्ताबाईंच्या पोटात चहा-बिस्किट आणि उपवास तेवढे उरले.

गेल्या वर्षी त्या अंगणात नुसत्या हात टेकून पडल्या आणि मनगट मोडले. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, हाडे ठिसूळ झाली आहेत, पुन्हा पडल्या तर खुबा जाईल. त्या दिवसापासून त्यांचा मुलगा दिग्विजय धास्तावला. हाडांना बळ येते असे कुणीतरी सांगितले म्हणून त्याने कोलॅजनची भुकटी आणली, मला खाली काढले आणि ती माझ्यात ओतली.

“कशाची हो ही?” त्याच्या बायकोने, स्वरूपाने विचारले.

“माशाच्या कातड्याची. आईला बोलू नगंस.”

“अवो, आत्याबाईंच्या गळ्यात माळ हाय!”

“माळ हाय, पर हाडं कुठं हायत? खुबा मोडला तर तू उचलणार हायस?”

माझे झाकण लागले आणि मी आतून गार पडलो. जन्मात अंड्याला न शिवलेली माउली, आणि तिला हे पाजायला डबा माझा! मुक्ताबाई ती रोज दुधात कालवून भोळेपणाने पीत. “दिगू, ह्याला वाससुदिक न्हाय रं.” दिग्विजय भिंतीकडे बघे. त्यांना कळले तर लेकाच्या हातचा घास सुटेल, हे भय. आणि दूध थांबले नि त्या पडल्या तर, हेही भय.

एकादशी उजाडली. मुक्ताबाईंनी दुधाचा पेला देवापुढे ठेवला. “एवढं ताकदीचं म्हन्तोस, तर आज आधी पांडुरंगाला दावू.” त्यांनी वर तुळशीचे पान ठेवायला हात पुढे केला, तोच दिग्विजयने धावत येऊन तो धरला.

“आई, नगं! माशाचं हाय ते!”

मुक्ताबाईंचा दुसरा हात माळेवर गेला. त्या म्हणाल्या, “द्येवाच्या वेळंला हात धरलास. माझ्या वेळंला का न्हाय धरलास रं?”

दिग्विजय त्यांच्या पायाशी बसला. “तू मोडशील म्हून भ्यालो गं.”

“आन् मी भीत न्हाय व्हय? मोरीत जाताना भिंत धरून रामकृष्णहरी म्हन्ती मी. तुला बोलले न्हाय, पोर घाबरंल म्हून.”

दोन दिवस त्यांनी त्याच्या हातचे पाणीसुद्धा घेतले नाही. मला वाटले, संपले हे घर. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “गाडी काढ. डाक्टरला म्होरं बसून इचारू, माळ ठिवून काय खाता येतंय.”

डॉक्टरांनी औषधे न चुकवता घ्यायला सांगितले. दूध, दही, तीळ, नाचणी, डाळी खा. सकाळी थोडे उन्हात बसा. उपवासाला नुसत्या चहावर राहू नका. भुकटी घेतली तरी यातले काही चुकत नाही, असेही म्हणाले. भुकटी गेली आणि माझ्यात पुन्हा भाजलेले तीळ आले.

मित्रांनो, हाडे एका रात्रीत भरत नाहीत. मोरीची फरशी ओली दिसली की मला आजही कापरे भरते. म्हणून हात जोडून विनवतो, घरातल्या थकल्या माणसाला जे भरवाल, ते सांगून भरवा. आणि तुमचे भय त्याच्यापासून लपवू नका, म्हणजे ते माणूसही आपले भय तुमच्याजवळ बोलेल.

त्या बघा, मुक्ताबाई उठल्या.

“दिगू, भ्या वाटतंय रं. हात दे.”