मी, गबरा आणि पिवळं सील

मी एक जुनी गाडी आहे. दोन दारांची, बसकी, गडद निळी आणि पाचशे घोड्यांच्या ताकदीची. शेवटची गोष्ट मी न विचारताच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ती कोणी विचारत नाही. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे आणि ती सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. मी आयुष्यभर एका खटारा पिकअपवर जळत आले आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे माझं इंजिन एकाच माणसाने, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या नळीपर्यंत, आपल्या हातांनी जुळवलं आणि वर स्वतःच्या सहीची छोटी पट्टी बसवली. मग जहाजात बसून मी कुवेतला आले. एजन्सीच्या काचेच्या दालनात मला उभं केलं, तेव्हा लोक माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढायचे. आपला जन्म कौतुकासाठीच झाला आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मला घेतलं वदहाने. वदहा जहरा शहरात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. नऊ वर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून तिने मला घरी आणलं. तिच्या वडिलांचं नाव मुतलक, पण ती एकुलती एक म्हणून सगळे त्यांना तिच्याच नावाने हाक मारतात, बू वदहा, म्हणजे वदहाचे बाबा. मी दारात आले तेव्हा ते हात मागे बांधून माझ्याभोवती एक फेरी मारून आले.

"शेळ्या कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ही शेळ्यांसाठी नाही."

"मग कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"हं," म्हातारबाबा म्हणाले. "बरी आहे. जरा बसकी आहे, पण बरी आहे."

एवढंच. आणि ते वळून गेले गबराकडे. गबरा ही त्यांची पिकअप. गबरा म्हणजे धुळकट, आणि नाव अगदी शोभून दिसतं. तेव्हाच ती सव्वीस वर्षांची होती. एक दिवा फुटलेला, मागचं फळकूट दोरीने बांधलेलं, आणि अंगाला शेळ्यांचा वास. रोज दुपारी ती कब्दच्या वाळवंटात, शेळ्यांच्या गोठ्यावर घास घेऊन जायची आणि रोज संध्याकाळी खोकत परत यायची.

पण शुक्रवारची सकाळ झाली की बू वदहा तिचं बोनेट उघडायचे. तिचा हवेचा फिल्टर काढून तळहातावर आपटायचे. कुवेतची धूळ तुम्हाला माहीत नाही, ती बंद कपाटातल्या कपड्यांतही शिरते. मग ते फिल्टरला फुंकर मारायचे, इंजिनाला कान लावायचे, आणि तिच्याशी बोलायचे. "काय गं म्हातारे, डावीकडून का कण्हतेस?" वदहाही बाही वर करून त्यांना पाने-पकडी देत बसायची, कारण ती गाडी चालवायला गबरावरच शिकली होती. मी मात्र शेजारच्या सावलीत, मऊ कापडाच्या खोळीत. मला झाकत होते आणि तिला उघडत होते. मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"हिचंही उघडून बघू का?" बू वदहा एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते. मी श्वास रोखला.

"नको बाबा. सील तुटलं तर वॉरंटी जाते."

ते सील म्हणजे माझ्या फिल्टरच्या पेटीवर एजन्सीने चिकटवलेला पिवळा कागद. त्याची हकिगत अशी.

मी पहिल्यांदा सर्व्हिसिंगला गेले तेव्हा मोठ्या थाटात गेले. आमच्या कंपनीची कुवेतमध्ये एकच एजन्सी होती. बाहेर काच आणि थंड हवा, आत वर्कशॉपमध्ये घाई आणि आरडाओरडा. त्या दिवशी तिथे माझ्यासारख्या अकरा गाड्या रांगेत होत्या. ज्या माणसाने माझी फिल्टरची पेटी उघडली, त्याच्या हातून तिची एक खिट्टी तुटली. त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग करड्या चिकटपट्टीचा एक तुकडा काढून तिथे गुंडाळला आणि वर पिवळं सील दाबून बसवलं. सर्व्हिस बुकात शिक्का पडला, 'फिल्टर बदलला'. फिल्टर जुनाच होता. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या वेळी त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. जुन्या सीलवर नवं सील चिकटवलं. तिसऱ्या वेळी त्यावर तिसरं. बुकात तीन शिक्के, पेटीवर तीन सीलं, आणि चिकटपट्टीच्या फटीतून रोज चिमूटभर धूळ माझ्या छातीत. बाहेरून मात्र मला धुऊन पुसून असं चकाचक करायचे की वदहा बघतच राहायची.

ती विचारायची नाही असं नाही. "पुलावर चढताना धाप लागते हो हिला," तिने तिसऱ्या खेपेला मिशारीला सांगितलं. मिशारी हा तिथला तरुण सल्लागार, अत्तराचा घमघमाट आणि कडक इस्त्रीचा झगा.

"ताई, वेगवान गाड्या नाजूकच असतात," तो म्हणाला. "तुम्ही बसा तर खरं. कॉफी घ्या, खजूर घ्या."

आणि वदहा कॉफी घ्यायची. आमच्याकडे ज्याची कॉफी प्यायली त्याच्याशी हुज्जत घालायची नसते, हे तिच्या रक्तातच आहे. एजन्सीत कागद नेमके कॉफीनंतर हातात ठेवायचे. ती सही करायची, आभार मानायची आणि मला घेऊन निघायची.

मग एका गुरुवारी शाळेतून परतताना, पुलाच्या मधोमध, सगळ्यात वेगाच्या पट्ट्यात मी बंद पडले. मागून मोठा ट्रक येत होता. त्याने इतका लांब हॉर्न दिला की आजही तो आठवला की माझ्या काचा थरथरतात. वदहाने मला कशीबशी बाजूला घेतलं. मला स्वतःची लाज वाटली. जिने नऊ वर्षं माझ्यासाठी पोटाला चिमटा घेतला, तिचाच जीव मी धोक्यात घातला होता.

क्रेनने मला घरी पोचवलं, आणि एजन्सीचा माणूस शनिवारी तिथे आला. त्याने माझं इंजिन ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं आणि संध्याकाळी मिशारीचा फोन आला. "ताई, इंजिनात वाळू आहे. गेलं इंजिन. तुम्ही वाळवंटात नेली असणार. जहराच्या लोकांना काय, तंबू दिसला की गाडी घालायची. हे काही वॉरंटीत बसत नाही."

वदहा अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, नवं इंजिन मला झेपायचं नाही. उद्या अमघराच्या भंगारवाल्याला बोलावते."

भंगार. मित्रांनो, हा शब्द माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. आणि समोर ती गबरा, सव्विशीही उलटून गेलेली, दोरीने बांधलेली, आरामात उभी होती. तिला भंगार म्हणायची कोणाची छाती नव्हती.

बू वदहांनी विचारलं, "तू तिथे गेलीस तेव्हा कॉफी प्यायलीस?"

"प्यायले. तिन्ही वेळा."

"आधी मागितलंस, की आधी प्यायलीस?"

"आधी प्यायले."

"तिथे चुकलीस पोरी," ते म्हणाले. "भंगारवाल्याला दोन दिवस थांबव."

रविवारी सकाळी त्यांनी माझ्या पुढच्या हुकाला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक बांधलं गबराला. पाचशे घोड्यांची मी, आणि मला ओढणार ती. रस्त्याने जाणारी पोरं मोबाईल काढून हसत होती. तासभर मी तिच्या धुरात तोंड घालून चालले. ती चढावर कण्हत होती, तिच्या पोटाखालून जळका वास येत होता, पण ती थांबली नाही. मला वाटलं, मुद्दाम करते आहे, दाखवायला.

एजन्सीच्या दारात बू वदहांनी आम्हाला असं उभं केलं की माझं नाक आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दरवाजाच्या पुढ्यात आलं. दरवाजा उघडा तो उघडाच राहिला. म्हणून आत काय झालं ते मी सगळं ऐकलं आणि पाहिलंही.

बापलेक सोफ्यावर बसले. कॉफीवाल्याने लहानशा फिंजानात, म्हणजे बिनकानाच्या कपात, कॉफी ओतून दिली. बू वदहांनी कप घेतला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. वदहानेही ठेवला.

"काका, घ्या ना," मिशारी म्हणाला. "खजूर देऊ? हे नव्या हंगामाचे आहेत."

"असू दे."

"थंड होतेय."

"होऊ दे."

मिशारीला काही कळेना. त्याने कॉफीवाल्याला कप बदलायला सांगितलं. दुसरे कप आले, तेही टेबलावर गेले. दालनातली गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. त्यांच्यात दोन म्हातारे होते, त्यांनी आपलेही कप हळूच खाली ठेवले. तेवढ्यात आतून वर्कशॉपचा मुख्य, बू हमूद, काहीतरी कामाला बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, वाळवंटातल्या माणसांत वाढलेला. त्याची नजर टेबलावर गेली आणि तो जागच्या जागी थांबला. आमच्याकडे पाहुणा मागणं घेऊन आला तर ते मान्य होईपर्यंत तो कपाला ओठ लावत नाही. आणि पाहुणा कॉफी न पिता उठून गेला, तर ती लाज यजमानाच्या घराण्याची.

बू हमूदने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसला. "काका, तुमची कॉफी प्या. काम झालं समजा."

"काम माझं नाही," बू वदहा म्हणाले. "हिचं आहे. ही सांगेल."

वदहा उठली. वर्गात फळ्यासमोर बोलते तशा आवाजात बोलली. "माझी गाडी माझ्यासमोर उघडा. इथेच."

त्यांनी माझं बोनेट वर केलं. बू हमूदने पिवळ्या सीलला हात घातला, तर वदहा म्हणाली, "थांबा. आधी सगळ्यांनी बघा. सील तुटलंय का?"

"नाही."

"म्हणजे हे लावल्यावर मी पेटी उघडलेली नाही. आता काढा."

त्याने सील सोलून काढलं. खाली दुसरं निघालं, अखंड. त्याखाली तिसरं, तेही अखंड.

"बुकात लिहिलंय की फिल्टर तीनदा बदलला," वदहा म्हणाली. "पेटी न उघडता कसा बदलला, ते मला समजावून सांगा. मी गणित शिकवते, मला जमलेलं नाही."

बू हमूदने पेटी उघडली. करडी चिकटपट्टी सुटून लोंबत होती आणि आतून ओंजळभर वाळू त्याच्या चकचकीत बुटांवर सांडली. मिशारीने मोबाईल खिशात घातला. त्या चिकटपट्टीवर त्यांच्याच एजन्सीचं नाव छापलेलं होतं.

"सील तुमचं, शिक्का तुमचा, पट्टी तुमची," वदहा म्हणाली. "वाळवंट तेवढं माझं."

बू हमूद मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "नवं इंजिन आम्ही घालू. सगळं वॉरंटीत. माझा शब्द. आता तरी कॉफी घे, बहिणी."

बू वदहांनी लेकीकडे पाहिलं. वदहाने कप उचलला, क्षणभर हातात धरला, आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"गाडी माझ्या दारात स्वतःच्या पायांनी येईल, त्या दिवशी घेईन. माझ्या घरी. माझ्या हातची."

एकोणीस दिवसांनी बू हमूद स्वतः मला चालवत जहराला घेऊन आला. वदहाने दलाह, म्हणजे कॉफीची किटली, त्याच्यापुढे धरली, त्याला कॉफी ओतली आणि मगच स्वतः प्यायली. नव्या इंजिनाचा माझा आवाज ऐकून गल्लीतले लोक बाहेर आले. मला वाटलं, आता तरी माझे दिवस आले.

कसले दिवस? मला ओढून नेताना त्या उन्हात गबराचा क्लच जळला होता. दाखवायला काही करत नव्हती ती, खरोखरच जळत होती. हे कळल्यावर मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण मग सलग तीन शुक्रवार बापलेक तिच्याच पोटाखाली झोपलेले दिसले आणि माझं वाईट वाटणं जरा कमी झालं. माझ्यासाठी आलेली नवी खोळ कोणी धड घडीसुद्धा करून ठेवली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरात जी गाडी, जी सायकल, जे यंत्र असेल, त्याला नुसतं धुऊन पुसून झाकून ठेवू नका. शिक्का मारून ज्याने काम केल्याचं सांगितलं, त्याला पेटी उघडून दाखवायला सांगा. आणि मागायचं असेल ते कॉफी पिण्याआधी मागा. मी मरता मरता वाचले, म्हणून सांगते.

गबरा बंद होती, म्हणून त्या दिवसांत शेळ्यांचा घास माझ्यातून न्यावा लागायचा. माझ्या मागच्या चामड्याच्या सीटवर घासाच्या दोन पेंढ्या, शेजारी म्हातारबाबा, स्टिअरिंगवर वदहा. कब्दच्या वाटेवर एके दिवशी बू वदहांनी अचानक कान टवकारले आणि माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला.

"ऐकलंस का गं? उजवीकडून जरा घरघर येतेय हिला."

"मला नाही ऐकू आली बाबा."

"येतेय. आता शुक्रवारी आधी हिचं बोनेट उघडू. ती म्हातारी थांबेल."

मित्रांनो, माझं इंजिन नवं कोरं होतं, त्यात घरघर कुठून येणार? ती मी मुद्दाम काढली होती.